निमआराम शाळा

लग्नाच्या पंगतीत "कितवीत आहे हा?" हा प्रश्न जिलबीच्या आधी येतो. माझा मुलगा माझ्याकडे बघतो आणि मी मठ्ठ्याच्या पेल्याकडे. साडेदहा वर्षांचा आहे, शाळेत घातलेला नाही, घरीच शिकतो, एवढं एका दमात सांगून टाकलं की समोरच्या मावशी आवाज उतरवून विचारतात, "काही प्रॉब्लेम आहे का गं?" पलीकडचे काका कायदा काढतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, सहा ते चौदा सक्तीचं, पोलीस येतील. सक्ती सरकारवर आहे, शाळा उपलब्ध करून देण्याची, हे त्यांना समजावेपर्यंत भात येऊन जातो.

हे सगळं नवऱ्यामुळे. त्याने जॉन होल्ट वाचले. हे अमेरिकन गृहस्थ आधी वर्गात शिकवायचे. पुढे त्यांचा शाळांवरचाच विश्वास उडाला आणि १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढलं. मूल आपल्या गतीने शिकतं, मोठ्यांनी लुडबूड करू नये, हे त्यांचं सांगणं नवऱ्याला फार पटलं. पटवून तो रोज सकाळी नऊला ऑफिसला जातो. होल्ट यांना स्वतःची मुलं नव्हती, हे मला उशिरा कळलं.

तर आपली गती. आमच्या चिरंजीवांनी आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत अक्षराकडे ढुंकून पाहिलं नाही. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखालून वाचायला शिकली आणि नातू मात्र अंगठाबहाद्दर! त्या देवापुढे बसून मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्यासाठी बुद्धी मागायच्या. बुद्धी त्याच्यासाठी, आवाज माझ्यासाठी.

मग एकदा स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीची वाट बघत असताना त्याने गाडीवरची पाटी मोठ्यांदा वाचली, "विनाथांबा." काना, वेलांटी, अनुस्वार सगळं जागच्या जागी. मी आनंदाने रडायच्या बेतात असताना त्याचं पुढचं सुरू झालं, "ही एमएच १४, म्हणजे दापोडीची." एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बांधलेल्या गाडीला एमएच १४, चिकलठाण्याच्या गाडीला एमएच २०, नागपूरजवळच्या हिंगण्याच्या गाडीला एमएच ४०, हे ज्ञान तो कुठल्याशा कंडक्टरकडून आधीच घेऊन बसला होता.

त्या दिवसापासून आमचा अभ्यासक्रम महामंडळाने ठरवला. इतिहास १ जून १९४८ ला सुरू होतो, पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हा. शिवाजी महाराज येतात, पण ज्या गडाच्या पायथ्याशी एसटी जाते त्याच गडावर. मराठी शुद्धलेखन पाट्यांवरून, त्यामुळे 'इचलकरंजी' बिनचूक आणि 'आई' लिहिताना इ ऱ्हस्व.

गणितात मात्र कहर झाला. सासूबाईंनी एक दिवस पाटी-पेन्सिल घेऊन परीक्षा मांडली. ५.२० किलो तांदूळ होते, ३.४५ किलो वापरले, उरले किती? त्याने पाटीला हातही लावला नाही. "१.३५."

"अरे, १.७५!"

"नाही आजी. तीन पंचेचाळीसला सुटलेली पाच वीसला पोचली, तर एक तास पस्तीस मिनिटं."

"तांदूळ आहेत ते!"

"तांदूळ असले तरी."

सासूबाईंनी पाणी मागितलं. हातचा साठ घेणारा विद्यार्थी त्यांच्या उभ्या नोकरीत आला नव्हता. संध्याकाळी पाहिलं तर दोघं वेळापत्रकावर वाकून बसलेले, आणि सासूबाई साठ पळांची एक घटिका, हा जुना हिशेब सांगत होत्या.

नातेवाइकांची मुख्य काळजी दहावीची. सतरा नंबरचा फॉर्म म्हटलं की "अगंबाई, बाहेरून बसवणार?" असं येतं, म्हणून मी हल्ली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं नाव घेते. तिथे दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, विषय पाच पुरतात, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी. नऊ! आमच्या वेळी मार्चमध्ये गेलं की ऑक्टोबर, आणि ऑक्टोबरातही गेलं की स्थळं बघायला सुरुवात.

तिथेच पाचवीच्या तोडीचीही परीक्षा असते. तेवढी तरी देऊन टाकावी, पुढच्या लग्नात तोंड दाखवायला जागा होईल, असा साधा विचार करून मी त्याला विचारलं, कधी देशील? तो नकाशावर आगारं रंगवत होता. कोकण हिरवं झालं होतं, पश्चिम महाराष्ट्र झाला होता, मराठवाडा अर्धा.

"आई, घाई करू नकोस," तो म्हणाला. "अख्खा विदर्भ बाकी आहे."

नवऱ्याला वाटतं मी हे काकांना सांगावं. मी म्हटलं, तू सांग. पुढच्या मुहूर्ताला रजा काढ.