इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचाय? मग आधी वाचन बंद करा

प्रवेश परीक्षा कोणती द्यायची, ते नंतर ठरवता येईल. कायद्याच्या शिक्षणाची क्लॅट, पदवी प्रवेशाची सीयूईटी, एमबीएची कॅट, नाहीतर थेट अमेरिकेतल्या कॉलेजांची एसएटी. आधी अवघड शब्दांची यादी मिळवा. नवी विकत घेऊ नका. नागपुरात प्रत्येक खानदानात एक दादा अमेरिकेला गेलेला असतो आणि त्याच्या जीआरईच्या (तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) वेळची झेरॉक्स त्याच्या आईने कपाटात साड्यांखाली जपून ठेवलेली असते. ती मागून आणा. देताना काकू म्हणतील, “आमच्या पोट्ट्यानं हेच पाठ केलं होतं, म्हणून आज तिकडे कमावून राहिला.” त्यांना अडवू नका, चहा येईपर्यंत ऐकून घ्या.

यादी किती सालची आहे, हे बघायचं नसतं. जीआरईने विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न 2011 मध्ये काढून टाकले. एसएटीतल्या शब्दांच्या जोड्या 2005 मध्ये गेल्या, आणि सुट्या वाक्यांतल्या ज्या गाळलेल्या जागांपायी पोरं रात्र-रात्र जागायची, त्या 2016 मध्ये गेल्या. क्लॅटचा पदवीचा पेपर 2020 पासून उताऱ्यांवर आला. कॅटच्या इंग्रजी विभागात अलीकडे 24 प्रश्न येतात. त्यातले 16 उताऱ्यांवरचे, बाकी वाक्यांचा क्रम लावा, सारांश निवडा असले. अमुक शब्दाचा अर्थ काय, असं सरळ कुणी विचारतच नाही. सीयूईटीत मात्र समानार्थी-विरुद्धार्थी अजून येतात. तेवढा एक धागा धरून आपण तीन हजार शब्द पाठ करायला मोकळे. त्यांनी पेपर बदलला म्हणून आपण लगेच यादी बदलायची, इतके आपण उथळ नाही.

मग क्लास. धरमपेठ, रामदासपेठेत पाट्यांची कमी नाही. क्लास निवडताना सर किती वाचतात, हे विचारू नका. रोज किती शब्द देतात, ते विचारा. पन्नासच्या खाली कुणी आकडा सांगितला तर तिथून उठा. चांगले सर प्रत्येक शब्दाला एक युक्ती देतात. ‘अबेट’ म्हणजे कमी होणं, तर लक्षात ठेवायचं, “अबे, थोडं कमी बोल.” ‘कॉपियस’ म्हणजे भरपूर, तर आठवायचं बारावीचं परीक्षा केंद्र, जिथे कॉपी भरपूर. वर्ग हसतो, फी वसूल होते. पेपरात तो शब्द समोर आला की तुम्हाला केंद्र आठवेल, खिडकीवर चढलेला मित्र आठवेल, पर्यवेक्षकांचा चष्माही आठवेल. अर्थ तेवढा आठवणार नाही. पण हसू येईल, आणि परीक्षेच्या ताणात तेही कमी नाही.

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विसरण्याचा प्रयोग स्वतःवरच केला आणि 1885 मध्ये तो छापला. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतं, असं त्याला दिसलं. बिचाऱ्याला निरर्थक अक्षरं स्वतः बनवावी लागली; आपल्याला ती काकूंकडून आयती मिळतात. यावर काही लोक उपाय सांगतात. आजचे शब्द उद्या बघा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, आणि प्रत्येक वेळी अर्थ झाकून स्वतःलाच विचारा. असलं काही करू नका. त्यात आपल्याला काय येत नाही ते कळतं आणि दिवस खराब जातो. त्यापेक्षा हायलायटर घ्या. पिवळा, हिरवा, गुलाबी. पान रंगलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि एसी अभ्यासिकेतल्या शेजारच्या टेबलावरूनही ते दिसतं.

सगळ्यात मोठा धोका वाचनाचा. घरी ‘हितवाद’ येत असेल तर सांभाळून राहा. 1911 पासून नागपुरात निघणारा हा इंग्रजी पेपर. त्यातला एखादा लेख चुकून शेवटपर्यंत वाचला गेला, तर शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून आपोआप लागतो आणि मग यादीवरचा विश्वास उडतो. अग्रलेखातले अवघड शब्द फक्त गोल करा, वहीत उतरवा आणि पेपर लगेच तर्री पोह्यांखाली अंथरायला द्या. लेखकाचं म्हणणं काय होतं, या भानगडीत पडू नका. सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं स्वस्तात मिळतात. तिथून जाताना मान खाली, पावलं झपाझप.

पाठ झालेले शब्द वापरावेही लागतात, आणि त्यासाठी लग्नसराई उत्तम. वर्धा रोडच्या एखाद्या लॉनवर अर्ध्या तासापासून माइक न सोडणाऱ्या काकांना सांगा, “अंकल, यू आर सो गॅरुलस!” काका खुश होऊन पाचशेची नोट काढतात. आपल्याला वाचाळ म्हटलं गेलंय, हे कळायला त्यांना यादी लागली असती. शेजारी उभे असलेले तुमचे बाबा मात्र आणखी खुश. “पोट्टी अशी इंग्रजी बोलते ना भाऊ, मले तं काहीच समजून नाही राहिलं!” बापाच्या तोंडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट निघत नाही.

पेपरच्या दिवशी उतारा निघतो मुंग्यांवर. शब्द सगळे नववी-दहावीतले. एक-दोन शब्द तर इतके ओळखीचे, की या वाक्यात ते वेगळ्याच अर्थाने आलेत, अशी शंकाही येत नाही. लेखक मुंग्यांच्या बाजूने आहे की विरुद्ध, एवढंच विचारलेलं असतं, आणि चारही पर्याय बरोबर वाटतात. अशा वेळी उतारा परत वाचत बसू नका, वेळ जातो. घड्याळाकडे बघा, सगळ्यात लांबलचक पर्याय निवडा आणि पुढे चला. कॅटला बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुण कापतात, पण शब्दसंग्रहासाठी एवढं सोसलंच पाहिजे.

बाहेर आल्यावर बाबांना सांगा, पेपर आउट ऑफ सिलॅबस होता. यादीतला एकही शब्द आला नाही, हा त्याचा पुरावा. सरही हेच म्हणतील आणि यंदापासून साडेतीन हजार शब्द घ्यायचे ठरवतील. रिपीटर बॅचला फीमध्ये थोडी सवलत असते. निकाल सांगायच्या आधी बाबांना ती सांगा.