केसरीवाडा वॉक: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू काल रात्री वाचला. आईंना इतका वेळ उभं राहावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी, चूक आमचीच, एखादी घडीची खुर्ची बरोबर ठेवायला हवी होती.

पण ‘गाईडला काही माहीत नाही, चुकीची माहिती देतो, 400 रुपये पाण्यात’ हे जे लिहिलंयत ना, ते फार लागलं. गाईड म्हणजे माझी भाचीच, सकाळपासून जेवली नाहीये.

आता झालं काय ते सांगतो. वॉक सुरू होतो 7:30 ला, सदाशिव पेठेत विंचूरकर वाड्यापाशी, मेसेजमध्ये दोनदा लिहिलं होतं. तुम्ही 8:20 ला डायरेक्ट नारायण पेठेत केसरीवाड्याच्या दारात भेटलात. पार्किंग मिळालं नाही, मान्य, त्या भागात रविवारी आम्हालाही मिळत नाही. पण त्या पन्नास मिनिटांतच सगळी गोष्ट सांगून झाली होती हो! टिळक आधी विंचूरकर वाड्यात राहायचे, 1892 ला विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते तिथेच, आणि 1894 ला गणपती बसला तोही तिथेच. केसरीवाडा म्हणजे मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा, टिळकांकडे आला 1905 ला, मग गणपतीही इकडे आला, आज तो मानाचा पाचवा. म्हणून ती म्हणाली की ‘गणपती इथे सुरू झाला नाही’. तुम्ही अर्धंच ऐकलंत आणि सगळ्यांसमोर तिला गप्प केलंत. केसरीचे पहिले संपादक आगरकर म्हटल्यावर पण तुम्ही हसलात, पण सर ते खरंच आगरकर होते, 1881 पासून 1887 पर्यंत, कुठेही बघा.

आईंनी मात्र किती छान विचारलं, टिळक गेले ते याच वाड्यात का म्हणून. नाही, ते मुंबईला, सरदारगृहात, 1 ऑगस्ट 1920. 1908 ला अटकही तिथेच झाली होती आणि मग मंडालेची सहा वर्षं. हे सगळं भाचीने त्यांना शांतपणे सांगितलं, ते रिव्ह्यूत कुठेच नाही.

आत पंधराच मिनिटं मिळाली हे खरंय, पण वाडा आमचा नाही, तिथे आजही केसरीचं काम चालतं, आम्ही पाहुणे, जेवढं थांबू देतात तेवढं थांबतो. आणि उशीर झाल्यामुळे बाकीच्या नऊ जणांचाही वेळ गेला, त्यांनी काही लिहिलं नाही ही त्यांची मेहेरबानी. दोन वर्षं झाली सुरू करून, घर यावरच चालतं, एका रिव्ह्यूने पुढच्या रविवारची दोन बुकिंग कॅन्सल झाली.

खुर्चीचं आणि पार्किंगचं काहीतरी बघतोच, वेळेचंही जरा नीट करतो.

आईंना घेऊन परत या, पैसे घेणार नाही, फक्त 7:30 म्हणजे 7:30. आणि ती ‘चुकीची माहिती’ वाली ओळ तेवढी एडिट करता आली तर बघा प्लीज.