खोक्यावर 3000, आत 300

माझ्या हॅचबॅकच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे. ती बसल्यावर उरलेल्या जागेत एक छत्री, एक फडकं आणि दिवाळीत फार तर फराळाचा एक डबा मावतो. त्याच जागेत सबवूफर, म्हणजे खर्जाचे सूर (बेस) घुमवणारा स्पीकर बसवायचा, असं माझ्या भाच्याने ठरवलं.

"मामा, तुझ्या गाडीत गाणं ऐकू येतं रे, पण छातीत जाणवत नाही."

छातीत काही जाणवलं की आमच्या वयात ईसीजी काढतात. पण हे त्याला सांगेपर्यंत आम्ही लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पोचलो होतो.

सबवूफरला ताकद पुरवणाऱ्या अँप्लिफायरच्या खोक्यावर आगीच्या ज्वाळा काढून 3000 वॅट लिहिलं होतं. कडेला मुंगीच्या अक्षरात: 300 वॅट, आरएमएस. म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद तेवढीच. सुपर बिल्ट-अपचे पैसे भरून कार्पेट एरियात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी मुकाट्याने पाकीट काढलं.

वायर घेताना मात्र भाच्यातला सीआयडी जागा झाला. "प्युअर कॉपर है," दुकानदार म्हणाला. भाच्याने ब्लेडने एक तार खरवडली. वरचा तांब्याचा मुलामा गेला आणि आत पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम. दुकानदाराने शांतपणे ते बंडल उचललं आणि आतून दुसरं आणलं. चेहऱ्यावर लाज वगैरे काही नाही. उलट 'खरं तांबं हवं होतं तर आधी बोलायचं ना' असा भाव. आणि बंडलाचा भाव दुप्पट.

वायर करंगळीएवढी जाड. एवढी कशाला, तर घरचा दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो आणि हे बसक्या डब्याएवढं यंत्र फुल आवाजात तीसेक. घरात व्होल्टेज 230, गाडीत 12. तेवढ्याच ताकदीसाठी व्होल्टेज कमी, तर करंट जास्त. शाळेत हे शिकलो होतो, पण त्याची किंमत रुपयांत कुणी सांगितली नव्हती.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत माणसं जमली. मुंबईत कुणाला वेळ नसतो, हे उघड्या बॉनेटपाशी खोटं ठरतं.

बॅटरी पुढे, अँप्लिफायर मागे. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण तो वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आधी फ्यूज उडावा, गाडी नव्हे. इथवर सोपं होतं. मग आली इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत. तिच्यात एक रबरी बूच असतं, त्यातून वायर आत घ्यायची. मी डॅशबोर्डखाली डोकं खाली, पाय दाराबाहेर. ब्रेकचं पेडल कानाशी. पलीकडून भाचा मोडक्या छत्रीच्या काडीला वायर बांधून टोचतोय. काडी बुचातून यायची, माझ्या नाकाशी थांबायची आणि मी पकडेपर्यंत परत जायची.

तेवढ्यात सेक्रेटरींच्या चपला दिसल्या. "पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं बंद आहेत. ठराव झालाय."

"दुरुस्ती नाही हो, संगीत आहे," मी खालून.

"रात्री दहानंतर वाजवायचं नाही, त्याचा वेगळा ठराव आहे."

अर्थिंगसाठी, म्हणजे अँप्लिफायरची एक वायर गाडीच्या पत्र्याला जोडायला, तिसऱ्या मजल्यावरचे काका टेस्टर घेऊन उतरले. हप्ते अजून चालू असलेल्या गाडीचा रंग पॉलिश पेपरने घासला जाताना बघायला काळीज लागतं. पण खालचा पत्रा लख्ख उघडा झाल्याशिवाय अर्थ धरत नाही. ड्रिल मात्र चालवायचं नाही. गाडीच्या पोटाखालून गॅसची नळी जाते. अख्ख्या दिवसातलं ते एकमेव एकमत.

भाच्याने पॉवरची वायर डाव्या बाजूने आणि गाण्याच्या सिग्नलची उजव्या बाजूने नेली होती. आम्ही चहाला वर गेलो तेव्हा काकांनी मदत म्हणून दोन्ही एकत्र आणून काळ्या टेपने छान गुंडाळून ठेवल्या. "लोंबकळत होत्या," ते म्हणाले. गाडी सुरू केली आणि स्पीकरमधून कूंऽऽ! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर वर चढायचा. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची पिरपिर पॉवरच्या वायरमधून सिग्नलमध्ये शिरली होती. टेप सोडवायला गुंडाळण्याच्या तिप्पट वेळ लागला. काका उभे राहून सूचना देत होते.

शेवटी लागलं. फिल्टर 80 हर्ट्झवर ठेवला, म्हणजे त्याच्या वरचे सूर सबवूफरकडे फारसे जाणार नाहीत. मी पखवाज असलेलं एक भजन लावलं. पखवाज ऐकू आलाच, शिवाय नंबर प्लेट, डिकीचं झाकण आणि शेजारच्या स्कूटरचा आरसाही साथीला बसले. प्रत्येक थापेला हेडलाइट किंचित मंद व्हायचे.

आवाज ऐकून बायको खाली आली. तिने डिकीत डोकावलं. "गावाला जाताना बॅगा कुठे ठेवायच्या?"

"मागच्या सीटवर."

"आणि आई?"

"आजी पुढे बसेल गं मामी," भाचा म्हणाला. "तसाही मागे बेस जरा जास्तच लागतो."