चाल मंदावली म्हणजे अल्झायमर नव्हे

घरच्या ग्रुपवर पुन्हा तो संदेश आला: ‘चाल मंदावली की समजा अल्झायमर सुरू झाला. बोलताना चालणं थांबलं तर खात्रीच. यावर इलाज नाही. रोज १०,००० पावलं चाला, हा आजार कधीच होणार नाही.’ तो वाचल्यापासून माझी मावशी चारचौघांत चालायला बिचकते. दुखतो तो तिचा गुडघा.

चाल आणि मेंदूचं नातं खरं आहे. तोल, नजर, लक्ष हे सगळं पावलागणिक मेंदूच सांभाळतो. पण ‘मंद चाल म्हणजे अल्झायमर’? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला ७५ वर्षांवरच्या ४२२ जणांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मज्जासंस्थेच्या बिघाडाने ज्यांची चाल बदलली होती, त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त होता. पण तो अल्झायमर सोडून इतर प्रकारांचा, मुख्यतः मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी निगडित. अल्झायमरचं भाकीत त्या चालीवरून करता आलं नाही. शिवाय सांधेदुखी, मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे यांनीही माणूस हळू चालतो.

बोलताना थांबण्याचं निरीक्षण स्वीडनमधलं, १९९७ सालचं. वृद्धाश्रमातल्या ५८ जणांपैकी १२ जण बोलायला लागले की थांबायचे, आणि त्यातले १० सहा महिन्यांत पडले. त्या अभ्यासाचा विषय पडण्याचा धोका हा होता. म्हणून आजी बोलताना थांबत असेल तर आधी न्हाणीघरात धरायला दांडा बसवा.

‘इलाज नाही’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरभोळेपणा अशी तिन्ही लक्षणं दिसली, तर मेंदूत पाणी साठण्याचा एक आजार असू शकतो. त्याचं वर्णन १९६५ सालीच झालं आहे. जादा पाणी नळीवाटे पोटात वळवण्याची शस्त्रक्रिया असते, आणि योग्य रुग्णांत सर्वांत आधी सुधारते ती चालच. बी-१२ची कमतरताही चाल आणि स्मरण दोन्ही बिघडवते. आपल्याकडे शाकाहारी घरांत ती सर्रास आढळते आणि साध्या रक्ततपासणीत कळते. ‘वय झालं, आता काय’ म्हणून घरी बसवलेल्या माणसाची ही तपासणी राहून जाते, आणि उशीर झाला की नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. काही महिन्यांत चाल बदलली असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि कधीपासून, कशी बदलली ते सांगा. जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या.

राहिली १०,००० पावलं. हा आकडा लोकप्रिय झाला १९६०च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावामुळे. ब्रिटनमधल्या ७८,००० हून अधिक लोकांच्या २०२२च्या अभ्यासात रोज सुमारे ३,८०० पावलं चालणाऱ्यांतही स्मृतिभ्रंशाचा धोका २५ टक्क्यांनी कमी दिसला. ही हमी नव्हे. मेंदू आधीच थकू लागलेली माणसं कमी चालतात, हेही त्यात मिसळलेलं असू शकतं. तरी एवढी पावलं मावशीला गुडघ्याला पट्टा बांधून, दोन वेळा मिळून, जमण्यासारखी आहेत.