उंबऱ्यावरचं तोंड

आज गावच्या देवळात गेले आणि उंबऱ्याशीच थांबले. कीर्तिमुखाला, म्हणजे उंबऱ्यावर कोरलेल्या त्या राक्षसाच्या तोंडाला, ऑईल पेंट मारलाय! गाल गुलाबी, डोळे पांढरेफेक, दात चंदेरी. गाभाऱ्याच्या दगडी भिंतीला बाथरूमच्या टाइल्स. पंच कमिटीतला एक पोरगा कौतुकानं सांगतोय, "अक्का, आधी किती भेसूर दिसायचं ते. आता बघा की, कसं गोड दिसतंय!"

गोड? ते काय पेढा आहे?

भेसूरच असायचं ते. राक्षसाला भूक लागली, शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. त्यानं पायापासून सुरुवात केली, तोंड तेवढं उरलं. शंकर खूश होऊन म्हणाला, माझ्या दारात बस, आधी नमस्कार तुला. आज्जी मला तो करायला लावायची. मी घाबरून हात मागं घ्यायचे, ती माझं बोट धरून त्याच्या दातांवर ठेवायची. "काय करत न्हाई गं. बघ की, माझ्यासारखंच हाय."

आज्जीच्या तोंडावर देवीच्या रोगाचे वण होते, पार पापण्यांपर्यंत. जगातून देवी गेल्याचं १९८० साली जाहीर झालं तेव्हा म्हणे ती म्हणाली होती, "गेल्या तर गेल्या, माझ्या तोंडावर पत्ता ठेवून गेल्या."

नाट्यशास्त्रात रस मोजताना भरतमुनींनी शृंगाराच्या पंगतीत बीभत्सालाही पाट मांडला. आम्हाला मात्र सगळं गुळगुळीत पाहिजे. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. पाहुणे आले की छताचं दगडी कमळ दाखवायला नेतो ना आपण? तिथं कुणी म्हणतं का, कमळ काळं कसं, गुलाबी करा? मग गावच्या दगडानंच काय पाप केलंय? आणि तिकडे भीमगडच्या जंगलात, बारापेडेच्या गुहेत, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं वटवाघूळ राहतं. भलेमोठे कान तोंडावर आलेले. जा, त्यालाही रंगाचा एक हात मारून या!

हो, वेरूळचं कैलास लेणंही एके काळी रंगवलेलं होतं, त्याला रंगमहाल म्हणायचे, माहीत आहे मला. आणि पोरांनी वर्गणी काढून गळकं छप्परही नीट केलंय. इतकी वर्षं तुम्ही शहरात बसून काय केलंत असं त्यांनी विचारलं, तर माझ्याकडे उत्तर नाही.

त्या पोराला तरी काय बोलायचं? आमच्याच घरात हे झालंय. आज्जी गेल्यावर बाबांनी लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा मोठा करून आणला. फोटोवाल्यानं सगळे वण पुसून टाकले. घरातले म्हणाले, किती छान दिसतेय. मीही म्हणाले. मूळ फोटो पुढं वाळवीनं खाल्ला. दर वर्षी हार घालते त्या फोटोला, आणि ती बाई मला ओळखू येत नाही.

संध्याकाळी परत गेले. दातांवरचा दुसरा हात ओलाच होता. बोट ठेवलं तर चंदेरी लागलं. घरात रॉकेल नाही, खोबरेल तेलानं घासतेय, जात नाही. उरलेल्या बोटांनी हे टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.