आयत्या पिठावरच्या रेघोट्या, अर्थात बेसबॉलमधली सेव्ह

22 ऑगस्ट 2007. बाल्टिमोरमध्ये टेक्सस रेंजर्सने ओरिओल्सना 30-3 असं धुतलं. सत्तावीस रनांनी! आणि त्या मॅचच्या स्कोअरकार्डवर वेस लिटलटन या पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या नावापुढे 'सेव्ह' लागली. म्हणजे यानं मॅच वाचवली. कुणापासून, ते विचारू नका.

स्कोअररची यात चूक नाही, नियमच तसा आहे. सेव्ह मिळायला पिचर जिंकणाऱ्या टीमचा हवा, मॅचचा शेवटचा आउट होईपर्यंत मैदानात तोच हवा, विजय (तो जिंकणाऱ्या टीमच्या एकाच पिचरच्या नावावर लागतो) त्याच्या नावावर लागलेला नसावा आणि निदान एक आउट तरी त्याच्या खात्यात हवा. एवढं झालं की पुढच्या तीनपैकी एक अट पुरते. एक, तो आला तेव्हा आघाडी तीन किंवा त्याहून कमी रनांची होती आणि त्यानं पूर्ण एक इनिंग (म्हणजे तीन आउट; मॅच अशा नऊ इनिंगची) टाकली. दोन, तो आला तेव्हा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर (रनच्या वाटेतल्या थांब्यावर), बॅटिंगला किंवा त्याच्या पाठोपाठ येणारा होता. तीन, त्यानं किमान तीन इनिंग टाकल्या, मग आघाडी कितीही असो. लिटलटन सातव्या इनिंगला 14-3 असताना आला आणि शेवटपर्यंत टिकला. तिसरी अट पूर्ण.

दुसऱ्या अटीचं गणित सोपं आहे. बेसवर जेवढे रनर, त्यात दोन मिळवा. आघाडी त्या आकड्याइतकी किंवा कमी असेल तर सेव्हची संधी आहे. बेस भरलेले असतील तर पाच रनांच्या आघाडीवरही सेव्ह मिळते. उलट आघाडी तीनची, नवव्या इनिंगमध्ये एक आउट झालेला आणि बेस रिकामे, अशा वेळी आलेल्याला काही नाही; ना पूर्ण इनिंग, ना बरोबरीचा माणूस जवळ.

माझं भांडण आहे ते पहिल्या अटीशी. 5-2 अशी आघाडी, नववी इनिंग, बेस रिकामे. क्लोजर, म्हणजे शेवटी आघाडी राखायला आणतात तो पिचर, येतो, दोन रन देतो, कसाबसा तिसरा आउट घेतो आणि 5-4 ने जिंकतो. त्या इनिंगपुरता त्याचा ईआरए (पिचरच्या खात्यावरचे रन, दर नऊ इनिंगमागे) 18.00, तरी सेव्ह पक्की. त्याच मॅचमध्ये सातव्या इनिंगला एका रनाची आघाडी, बेस भरलेले, आउट एकही नाही, अशा आगीत उतरून तीन आउट घेणाऱ्याला मिळतो 'होल्ड', म्हणजे आघाडी राखून पुढच्याच्या हाती दिल्याची नोंद. तो तर अधिकृत नियमपुस्तकातही नाही. मॅच वाचवली कुणी?

गंमत म्हणजे ही कल्पना निघाली ती रिलीव्हरांना, म्हणजे मधेच बदली येणाऱ्या पिचरांना न्याय द्यायलाच. 1959 मध्ये पिट्सबर्गच्या एल्रॉय फेसच्या नावावर 18 विजय आणि 1 पराभव होता. त्यातले काही विजय त्यानं आधी आघाडी घालवल्यावर मिळालेले. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना ते खटकलं आणि त्यांनी सेव्ह मांडली. 1969 मध्ये ती अधिकृत झाली. 1974 मध्ये नियम चांगला कडक केला होता: बरोबरीचा धोका खरोखर समोर हवा, नाहीतर तीन इनिंग हव्यात. पुढच्याच वर्षी ढिला केला. माझ्या मते तो 1974 चाच ठेवायला हवा होता.

नुसता आकडा असता तर कुणी पर्वा केली नसती. पण क्लोजरचा पगार ठरताना सेव्ह मोजल्या जातात आणि मॅनेजरही त्याच चौकटीत विचार करू लागतात. यजमान टीम प्रत्येक इनिंगमध्ये नंतर बॅटिंग करते, त्यामुळे नवव्या किंवा पुढच्या इनिंगमध्ये तिनं आघाडी घेतली की मॅच तिथेच संपते, म्हणजे बरोबरीत अडकलेल्या यजमानाला सेव्हची वाटच बघायची नसते; तो नवव्यातच क्लोजर काढतो. पाहुणी टीम मात्र त्याला 'आघाडी मिळाल्यावर' म्हणून राखून ठेवते.

4 ऑक्टोबर 2016, टोरांटो. हरला तो घरी जाणार अशी वाइल्ड कार्ड मॅच, स्कोअर 2-2. ओरिओल्सचा झॅक ब्रिटन त्या मोसमात 47 पैकी 47 सेव्ह घेऊन बसलेला, ईआरए 0.54. मॅनेजर बक शोवॉल्टरनी एकामागून एक पिचर आणले, ब्रिटनला नाही. अकराव्या इनिंगला उबाल्डो हिमेनेसला एडविन एन्कार्नासिऑननं तीन रनांचा होमर (सिक्सरसारखा फटका) मारला. 5-2, खेळ खल्लास. बुमराला सुपर ओव्हरसाठी राखून ठेवावं आणि विसावी ओव्हर भलत्याच्याच हातात द्यावी, तसलाच हा प्रकार.

त्याच महिन्यात क्लीव्हलंडचे टेरी फ्रँकोना अँड्र्यू मिलरला जिथे गरज पडेल तिथे, अगदी पाचव्या इनिंगलाही आणत होते. त्या मोसमाच्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू मिलरच ठरला.

आता कुणी म्हणेल, मग न्यूयॉर्क यँकीजचा क्लोजर मारियानो रिव्हेराच्या 652 सेव्ह फुकट का? मुळीच नाही. तो कुठल्याही मोजपट्टीवर थोरच ठरतो. आणि नियमातून कधी खरा न्यायही होतो: 2014 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये सान फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरनं एका रनाची आघाडी पाच इनिंग राखली. स्कोअररनं आधी विजयच त्याच्या नावावर लावला होता, मग दुरुस्त करून तो त्याच टीमच्या जेरेमी अफेल्टला दिला आणि बमगार्नरला सेव्ह. लिटलटनला मिळाली तीही सेव्हच आणि ही पण सेव्हच. स्कोअरकार्डवर दोन्ही एकाच अक्षरात लिहितात.