काका, मारुत आणि पापड

विमानं बनवणाऱ्या इंजिनिअरांवरचा एक लेख वाचला. त्यातले इंजिनिअर विमानाचं काम कधी घरी आणत नसत, हे वाचून नवल वाटलं. आमचे काका बंगलोरला 'मारुत' या भारतात बनलेल्या लढाऊ विमानाच्या कामावर होते. उन्हाळ्यात ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या घरी आले की पोळीची त्रिकोणी घडी हातात धरून पंखाचा कोन समजावत बसायचे. काकू म्हणायची, "अहो, आधी ती खा, मग उडवा."

मारुत पहिल्यांदा उडालं १७ जून १९६१ ला. आराखडा जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांचा. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न होतं, पण त्या ताकदीचं इंजिन मिळालंच नाही, ऑर्फियस या कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं. एवढं सांगताना काकांचा आवाज बसायचा.

निवृत्तीनंतर ते ग्वाल्हेरच्याच जनकगंजात राहिले. महाराजपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावरची मिराज २००० लढाऊ विमानं गच्चीवरून दिसायची. "बघ, शेपटीला आडवे पंख नाहीत, नुसता त्रिकोण!" काकूने राखायला सांगितलेल्या पापडांवर तोवर कावळे. (दोनदा तरी मीच हाकललेत.) पण काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर स्वयंपाक त्यांनीच केला, वरणातलं मीठसुद्धा काट्यावर तोलून.